जागेश्वरच्या कानातलं भजन

साचाखात्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि दुसरं कोणी हळू बोललं तर त्याला रागच येतो. पाचपावलीतल्या त्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं मिलवाल्यांची होती. त्यामुळे नवराबायकोचं भांडण असो की नुसतं मीठ संपल्याचं सांगणं असो, सगळं कसं खणखणीत. नवी सून आली की पहिले आठ दिवस बिचारी रडायची, की ह्या घरात सगळे माझ्यावरच काहून ओरडून राहिले! नवव्या दिवशी तीही ओरडायला लागायची आणि संसार सुरळीत चालू व्हायचा.

जागेश्वर ह्याच गल्लीतला. अंगानं काटक, मिशी बारीक, आणि पोशाखाचा भारी शौकीन. मिलमध्ये तो चार साचे सांभाळायचा. साचा म्हणजे मिलमधला माग. एका छपराखाली असे शेकडो साचे, आणि प्रत्येकातला धोटा दिवसभर इकडून तिकडे आपटत राहायचा. तिथे शेजारच्याशी बोलायचं म्हणजे ओठ पाहायचे, नाहीतर हातानं खुणा करायच्या. मनगटावर टिचकी मारली की किती वाजले, आणि नाकाला बोट लावलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येऊन राहिला, विडी विझव. जागेश्वरला तर वीस हातांवरून माणसाचे ओठ वाचता यायचे. त्याचा त्याला अभिमानही होता. ह्याच कसबानं आपल्याला पुढे किती फसवलं हे त्याला फार उशिरा कळलं.

पण जागेश्वरची खरी ओळख मिलमधली नव्हतीच. तो गायन पार्टीचा मुख्य गवय्या होता. चौदा एप्रिलची जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कोणाचं लग्न असो, ताराचंदची पेटी आणि जागेश्वरचा गळा नसला तर कार्यक्रमाला रंगच चढायचा नाही. पार सावनेरपर्यंत त्यांना बोलावणी यायची. पार्टीचा कारभार ताराचंदकडे. तोही साचाखात्यातलाच, जागेश्वरपेक्षा दहा वर्षांनी मोठा, आणि स्वभावानं असा कडक की विहारात पोरं त्याला पाहून मांडी सावरून बसायची. छप्पन साली दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ होत्या, आणि दुसऱ्याच्या हातून त्यातली एखादी ढिली पडली तर त्याला ती लांबून दिसायची. पार्टीतला रुपराव सासुरवाडीला गेला होता आणि तिथल्या देवीच्या भजनात नुसता टाळ वाजवून आला, एवढ्यावरून ताराचंदनं त्याला वर्षभर पार्टीबाहेर बसवलं. रुपराव रडला, पाया पडायला आला. ताराचंद म्हणाला, "पाया पडणं बी त्यातच येते." झालं! विषय संपला.

तर अशा ह्या पार्टीच्या मुख्य गवय्याला पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात देवीचं भजन ऐकू यायला लागलं.

रविवारची दुपार होती. भीमाबाई, म्हणजे त्याची बायको, दाराशी तांदूळ निवडत बसली होती आणि हा खाटेवर आडवा. उन्हात गल्ली सामसूम. डोळा लागणार एवढ्यात लांबून खंजिरी ऐकू आली, आणि मागून गाणं. जागेश्वर उठून बसला.

"कोण म्हणून राहिलं वं?"

"काय?"

"भजन."

भीमाबाईनं सूप खाली ठेवलं, कान दिला. "कोणी नाही म्हणून राहिलं. झोपा."

तो उठून गल्लीच्या टोकापर्यंत गेला. उन्हात एक कुत्रं पडलं होतं, बाकी कोणी नाही. पण भजन चालूच. आणि आता त्याला ते ओळखू आलं. सकाळी देवीला उठवायचं भजन, त्याच्या बापाचं. बाप चंपत रोज पहाटे देव्हाऱ्यापुढे बसून तेच म्हणायचा. तिसरी ओळ झाली की त्याला खोकला यायचा, तो खोकायचा, "हं" करायचा आणि चौथी ओळ उचलायचा. जागेश्वर भर उन्हात उभा राहून ऐकत राहिला. तिसरी ओळ झाली. खोकला आला. मग "हं" आलं.

बाप तर चोपन्न सालीच वारला होता.

बाप गेला त्यानंतर दोन वर्षांनी दीक्षा झाली. एकवीस वर्षांचा जागेश्वर पांढरा सदरा घालून तिथे उभा होता. लाखो माणसांच्या आवाजात त्यानं आपला आवाज मिसळला होता, आणि इतकं मोकळं त्याला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आठ दिवसांनी त्यानं देव्हाऱ्यातले टाक आणि बापाची खंजिरी गाठोड्यात बांधली आणि कन्हान नदीत नेऊन सोडली. त्याचं त्याला एका क्षणापुरतंही वाईट वाटलं नव्हतं. देव सोडले म्हणून तो माणसात आला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग आता हे काय? ज्याला आपण हाकलून लावलं तो असा कानातून कसा घरात शिरला?

त्या दिवसापासून त्याच्या मागे लागलं ते लागलंच. पहाटे उठला की भजन. जेवताना भजन. विहारात सगळे डोळे मिटून शांत बसले की ह्याच्या कानात खंजिरी. तोंडानं बुद्धवंदना आणि कानात देवीची आळवणी! त्याला स्वतःची किळस यायची. वाटायचं, आपण वरून धुतलेले आणि आतून तसेच. ढोंगी. कोणाला सांगावं तर कोणाला? ताराचंदला? नाव काढू नका. रुपरावनं एक दिवस टाळ वाजवला तर वर्षाची शिक्षा. जागेश्वरचं तर रात्रंदिवस चालू होतं.

फक्त एका जागी भजन बंद व्हायचं. साचाखात्यात. आत पाऊल टाकलं, साचे सुरू झाले, की पाच मिनिटांत खंजिरी पार नाहीशी. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा जागेश्वरला इतकं हायसं वाटलं की तो साच्याला टेकून हसत सुटला. पलीकडच्यानं खुणेनं विचारलं, पागल झाला काय? जागेश्वरचं हसू तिथंच थिजलं, कारण तीच भीती त्यालाही होती.

मग त्यानं काय करावं? डबल पाळ्या मागून घ्यायला सुरुवात केली. कोणाची सोयरीक असो, कोणाचं पोट दुखो, बदलीला जागेश्वर हजर. जॉबर धोंडबा खूश. "असा माणूस पायजे," म्हणायचा. घरी मात्र भीमाबाईचा चेहरा उतरत चालला. एक दिवस तिनं तोंडावरच विचारलं, "अवो, खरं सांगा. घरात काय काटे पेरले मी? सोळा-सोळा तास मिलमधे राहता. दुसरीकडं कुठं तं नाही ना जाऊन राहिले?"

"काही बी बोलतं! दुसरीकडं कुठं जाऊ?"

"मले काय माहीत कुठं! मिशीले तेल लावून जाता."

मिशीला तेल तो लग्नाआधीपासून लावत होता. खरं सांगायची सोय नव्हती, आणि खोटं सुचत नव्हतं. भीमाबाईनं त्या रात्री त्याच्या ताटात भाकर टाकली ती आपटून टाकली.

असं करता करता तीन वर्षं गेली. गळाही आता दगा द्यायला लागला होता. ताराचंद पेटी थांबवून म्हणायचा, "सूर चढून राहिला तुहा. ध्यान कुठं हाय?" जागेश्वरला वाटायचं, ह्याला सगळं कळलं.

शेवटी त्यानं एकाच माणसाला सांगितलं. आत्या गोदूबाईला, पारशिवनीला राहायची ती. ही म्हातारी मोठी वस्ताद. दीक्षा तिनंही घेतली होती, पण तिच्या कणगीमागे देवीचा एक टाक अजून होता हे सगळ्या नात्याला माहीत होतं. तिनं ऐकलं आणि मान डोलावली.

"चंपत कोपला रे बाबू. त्याची खंजिरी पाण्यात टाकली तू. काहीच नाही करायचं, एक नारळ घेऊन ये. इथं देवीपुढं फोड, माफी माग. गप होईन तो."

"आत्या, मी प्रतिज्ञा घेतली हाय."

"मंग आयकत बस."

महिनाभर जागेश्वर ऐकत बसला. मग एका शुक्रवारी त्यानं नारळ आणला आणि खाटेखालच्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी लपवला. रविवारी सकाळच्या गाडीनं पारशिवनी. त्यानं मनाशी ठरवलं होतं, की नारळ फोडायचा आणि परत आल्यावर पार्टी सोडायची. देवीपुढे हात जोडून आलेल्या तोंडानं जयंतीला गाणं म्हणायचं, एवढं बेशरम त्याला होता येणार नव्हतं. गाणं सोडलं तर आपल्यात उरतं काय, ह्याचा विचार त्यानं मुद्दामच केला नाही.

आणि नेमकी शनिवारी प्रेमिला आली.

प्रेमिला म्हणजे जॉबर धोंडबाची पोरगी. गल्लीतली पहिली एम. ए. करणारी. मानसशास्त्र शिकत होती, आणि मानसशास्त्र म्हणजे काय ते गल्लीला अजून नीट कळलेलं नव्हतं. शेजारची अंजनाबाई म्हणायची, मनातलं ओळखतात ते. त्यामुळे बाया प्रेमिलापुढे जरा जपूनच विचार करायच्या. तिला परीक्षेसाठी प्रबंध लिहायचा होता, माणूस गाण्याची चाल लक्षात कशी ठेवतो ह्यावर. सर म्हणाले होते, शिकलेल्या गवयांचं सोडा, ज्यांना सारेगम लिहिता येत नाही आणि तरी दोनशे चाली येतात अशी माणसं शोधा. तिला शोधायला गल्लीबाहेरही जावं लागलं नाही.

"काका, काही कठीण नाही," सोबत आणलेली पेटी खाली ठेवत ती म्हणाली. "मी पेटीवर दोन छोटे छोटे तुकडे वाजवीन. दोन्ही सारखेच असले तर सारखे म्हणायचं, नाहीतर वेगळे."

जागेश्वर जरा मागे सरकला. मनातलं ओळखणारी पोरगी, आणि नेमकं गाण्याबद्दल विचारणार! पण नाही म्हणावं तर धोंडबाची पोरगी. बसला.

पहिले पाच-सहा तुकडे त्यानं फटाफट सांगितले. प्रेमिला वहीत लिहीत होती. मग तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "काका, तुम्ही माझ्या बोटांकडे पाहता. असं नाही चालत." तिनं भीमाबाईचं एक लुगडं मागून घेतलं, दोरीवर टाकलं, आणि पेटी घेऊन पडद्याआड बसली.

जागेश्वर लुगड्याकडे पाहत वाट पाहत राहिला. बराच वेळ झाला.

"वाजव ना वं पोरी," तो शेवटी म्हणाला.

पडद्यामागे ती तिसऱ्यांदा तोच तुकडा वाजवत होती. वरच्या सप्तकातला, बारीक. दारात उभ्या भीमाबाईला स्वच्छ ऐकू येत होता. प्रेमिलानं पेटी थांबवली आणि साध्या आवाजात विचारलं, "काका, पाणी पाहिजे काय?"

जागेश्वर लुगड्याकडे पाहत बसलेला.

"काका, तुमच्या घराला आग लागली."

काही नाही. भीमाबाईचा हात तोंडावर गेला.

प्रेमिलानं पडदा बाजूला केला आणि त्याच्यासमोर येऊन बसली. आता तिचे ओठ त्याला दिसत होते. "काका, तुम्हाला ऐकू कमी येते. कधीपासून?"

"मले?" जागेश्वर उसळला. "मले ऐकू कमी येते? अवं, मले तर जास्त येऊन राहिलं!"

निघालं तोंडातून. निघालं ते निघालंच. तीन वर्षं दाबून धरलेलं, एकदा फट पडली तसं सगळं भडाभडा बाहेर आलं. बाप, खंजिरी, तिसऱ्या ओळीनंतरचा खोकला, आत्या, आणि खाटेखालचा नारळसुद्धा. बोलता बोलता तो रडायला लागला. "मी ढोंगी हाय पोरी. तोंडानं एक अन् कानात एक. नाहीतर मंग पागल हाय. दोन्हीतलं एक तं नक्की."

भीमाबाई आत आली आणि त्याच्या शेजारी बसली. "तीन वर्ष," ती म्हणाली. "तीन वर्ष मी समजून राहिली का कोणी बाई हाय. अन् निघाला सासरा!" तिला हसावं की रडावं कळत नव्हतं, म्हणून तिनं दोन्ही केलं.

प्रेमिला मात्र हसली नाही. ती म्हणाली, "काका, असं होते म्हणून आमच्या सरांनी एकदा सांगितलं होतं. मला पुरतं आठवत नाही, म्हणून चुकीचं सांगत नाही. सोमवारी आपण मेडिकलमध्ये, मोठ्या सरकारी दवाखान्यात, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. तोवर कुठं जाऊ नका. एवढं ऐका माझं."

रविवारी सकाळी जागेश्वर आंघोळ करून, कपडे घालून खाटेवर बसला. गाडीची वेळ झाली. भजन जोरात चालू होतं, त्या दिवशी तर जरा जास्तच. खाटेखाली नारळ होता. भीमाबाई चुलीपाशी होती. गाडीची वेळ टळली तेव्हा जागेश्वरनं टोपी काढून खुंटीला अडकवली. तिनं चहा आणून दिला.

मेडिकलमधले डॉक्टर तरुण होते आणि त्यांना घाई होती, पण जागेश्वरची हकीकत सुरू झाली तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून त्याच्या कानाशी धरला. मग कानाला दोन वाट्या लावून एका खोलीत बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. जागेश्वरला वाटलं यंत्र बिघडलं आहे, कारण बराच वेळ काही आवाजच येईना. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे सरळ चालत होती आणि उजवीकडे विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती.

"बारीक आवाज तुमचे जवळपास गेले," डॉक्टर म्हणाले. "साच्यांनी नेले. तुम्ही ओठ वाचता म्हणून घरच्यांना कळलं नाही, तुम्हालाही नाही."

"अन् भजन?"

"कानाकडून मेंदूला आवाज पोचायचे बंद झाले, की काही जणांचा मेंदू स्वस्थ बसत नाही. आपल्याजवळ साठवलेलं काढतो आणि वाजवतो. बहुतेक वेळा गाणंच. ते आतून येत असतं, पण माणसाला वाटतं बाहेरून आलं. माझ्याकडे एक रिटायर्ड स्टेशनमास्तर येतात, त्यांच्या कानात बँड वाजतो. एक आजी आहेत, त्या अंगाईगीत ऐकतात."

"म्हंजे मी पागल नाही?"

"अजिबात नाही. वेड्या माणसाला आपण वेडे तर नाही ना, असं विचारत तीन वर्षं घाबरत बसायला वेळ नसतो."

"अन् देवी?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "देवीचं मला काही कळत नाही. कानाचं कळतं."

प्रेमिला पुढे सरकली. "काका, बाहेरच्या सगळ्या गाण्यांच्या आधी तुमच्या कानात काय पडलं? जन्मल्यापासून एकोणीस वर्षं, रोज पहाटे. तुम्ही बोलायच्या आधी ते भजन शिकले. तुम्ही देव मानत नाही ते डोक्यानं ठरवलं, आणि ते खरंच आहे. पण चाल मानायची की नाही हे कोणी कानाला विचारते काय? देव्हाऱ्यापुढे पेटीवाला बसला असता तर तुम्हाला पेटी ऐकू आली असती. खोकला पाहा ना. खोकल्यात कोणता देव आला?"

जागेश्वर तिच्या ओठांकडे पाहत राहिला. खोकल्यात देव नव्हता. खोकल्यात फक्त बाप होता, गळ्यात मफलर गुंडाळलेला, विडी पिणारा, हाडांचा सापळा झालेला बाप. कोपलेला नाही, काही नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की खुर्चीतून उठताना त्याचा तोल गेला.

"एक विचारतो," डॉक्टर म्हणाले. "साचाखात्यात आवाज बंद व्हायचा म्हणालात. मग तुम्ही काय केलंत?"

"डबल पाळी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे काटा रुतला म्हणून तुम्ही काट्यांवरूनच पळत सुटलात. साच्यांच्या गोंगाटात गाणं झाकलं जात होतं आणि कान आणखी जात होता. आता डबल पाळी बंद. कानात कापसाचे बोळे घालायचे. आणि घरात अगदी सामसूम ठेवू नका, रेडिओ बारीक चालू ठेवा. गाणं कमी होईल. पुरतं जाईलच असं सांगत नाही, पण त्रास होणार नाही."

घरी आल्यावर भीमाबाईनं पहिलं काम केलं ते नारळ फोडायचं. पाट्यावर हिरव्या मिरच्यांसोबत त्याची चटणी वाटली, आणि जागेश्वरनं तीन भाकरी खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी तिनं भाकर आपटली नाही.

पण जीव अजून पुरता भांड्यात पडला नव्हता. ताराचंद उरला होता. डॉक्टर काय म्हणाले ते डॉक्टरांपाशी. पार्टीत राहायचं की नाही ते ताराचंद सांगणार. न सांगता गात राहता आलं असतं, पण मग पुन्हा तेच लपवणं आलं. संध्याकाळी जागेश्वर उठला आणि चार घरं सोडून ताराचंदच्या दारात गेला. ताराचंद ओसरीवर पेटीचा भाता पुसत एकटाच बसला होता.

"जय भीम, दादा. एक खाजगी बोलायचं होतं."

"बोल."

जागेश्वरनं इकडेतिकडे पाहिलं, खाली बसला, पुढे वाकला आणि आपल्या समजुतीनं अगदी कानात सांगावं तसं सांगायला लागला. भजन. बाप. तीन वर्षं. डॉक्टर. शेवटी म्हणाला, "मी जाणूनबुजून काही नाही केलं दादा. पण तू म्हणशीन तं उद्यापासून पार्टीत नाही येत. रुपरावले जो न्याय, तोच मले."

ताराचंदचा हात भात्यावर थांबला होता. जागेश्वरला वाटलं, झालं, संपलं सगळं.

"खोकला बी येते?" ताराचंदनं विचारलं.

"येते."

"डाक्टर काय म्हणे, हे देवाचं नाही?"

"कानाचं हाय म्हणे. साच्यानं कान गेले का असं होते."

ताराचंदनं पेटी बाजूला सरकवली. "मले सहा वर्ष झाले," तो म्हणाला.

"काय?"

"सहा वर्ष! माही माय. जात्यावर दळून राहिली अन् म्हणून राहिली. देवाच्याच ओव्या साऱ्या! मी दुसऱ्याले शिक्षा करत फिरलो, अन् माह्या कानात हे! रुपरावले मी बाहेर बसवलं तवा बी ती म्हणतच होती गा!"

हे खाजगी बोलणं चाललं होतं दोन साचेवाल्यांत, आणि दोघांच्या कानांचा सारखाच निकाल लागलेला. ताराचंदचं "सहा वर्ष" समोरच्या घरात गेलं, "माही माय" मागच्या घरात गेलं, आणि रुपराव स्वतः आपल्या दारात हातात लोटा घेऊन उभा होता. बायका चुली सोडून बाहेर आल्या होत्या. भीमाबाई मिलवाल्यांची खूण करून करून थकली, की हळू बोला, हळू. पण दोघांपैकी कोणी तिच्याकडे पाहिलंच नाही. शेवटी अंजनाबाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "अरे मुर्द्यांनो, साऱ्या पाचपावलीले आयकू जाऊन राहिलं!"

तेव्हा दोघांनी माना वर केल्या. सगळी गल्ली उभी होती. ताराचंदचा चेहरा राखेसारखा झाला. एवढा कडक माणूस, पण लपायला जागा शोधायला लागला.

रुपराव लोटा खाली ठेवून पुढे आला. वर्षभराचा राग होता त्याच्या पोटात, आणि आज बोलायची संधीही होती. तो ताराचंदसमोर येऊन उभा राहिला, त्याच्याकडे पाहिलं, आणि ओठ नीट दिसतील असे हलवत म्हणाला, "दादा, माय कधी वारली तुही?"

"मी आठ वर्षाचा होतो," ताराचंद म्हणाला.

रुपराव ओसरीच्या कडेला बसला. बाया हळूहळू घरात गेल्या. अंजनाबाईनं जाताना डोळ्यांना पदर लावला आणि चुलीच्या धुराला शिव्या दिल्या.

"तुही माय गात होती चांगली?" जागेश्वरनं विचारलं.

"कायची चांगली! बेसूर म्हणे. अजून बी बेसूरच म्हणते." ताराचंद हसला. "फोटो नाही गा तिचा. तोंड आठवत नाही मले."

"उद्या चाल माह्यासंगं मेडिकलले," जागेश्वर म्हणाला. "प्रेमिला येईन. दुखत नाही काही. वाट्या लावतात कानाले."

ताराचंदनं पेटीचा भाता दोनदा उघडला, दोनदा मिटला. मग जागेश्वरचा हात धरून त्याला जवळ ओढलं आणि ह्या वेळी खरोखरच हळू विचारायचा प्रयत्न केला.

"येतो मी. पण तू पयले त्या डाक्टरले इचारून घेजो," तो म्हणाला. "इलाज केला तं माय बंद तं नाही ना होणार?"